रकानेसरांचा धर्मतक्ता

रकानेसरांचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटात होतं आणि ते तिथेच राहिलं. मुलं, मुलांचे आईबाप, कोपऱ्यावरचा किराणावाला, सगळे त्यांना रकानेसर म्हणत. त्यांची बायकोसुद्धा बाहेरच्या माणसाशी बोलताना 'आमचे रकानेसर' असंच म्हणायची. कुणाला नखं खायची खोड असते, कुणाला दुसऱ्याच्या पेपरात डोकं खुपसायची असते. सरांना दिसेल त्या गोष्टीचे रकाने पाडायची खोड होती. भूगोलातल्या नद्या रकान्यात, नागरिकशास्त्रातली कर्तव्यं रकान्यात. घरी फ्रिजच्या दारावर भाज्यांचा तक्ता: वार, भाजी, कुणाला आवडते, कुणाला नाही, शेरा. एकदा बायकोने शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवलं, 'पानात पडेल ते मुकाट्याने खावं.' सरांनी ते वाचलं, मान हलवली आणि 'सूचना' म्हणून आणखी एक रकाना वाढवला.

लग्न ठरवतानाही त्यांनी तक्ता केला होता. दोन मुली, चौदा मुद्दे. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर तो जुन्या पेटीत बायकोच्या हाती लागला. त्यात बारा मुद्द्यांत दुसरी मुलगी पुढे होती आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'तरी हीच.' बाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो तक्ता कपाटात कुलपात ठेवला. अजून भांडण हरायची वेळ आली की त्या किल्ली शोधायला लागतात.

असा माणूस शिकवायला कसा असेल ते सांगायला नको. त्यांच्या तासाला मुलं झोपत. दंगा नाही, टवाळी नाही, आपली शांतपणे, मान टाकून झोपत. एकदा एका मुलाची आई येऊन विचारून गेली, "सर, सुट्टीत हा दुपारचा अजिबात झोपत नाही. तुम्ही काय शिकवता ते जरा लिहून द्याल का?" सरांनी लिहून दिलं, अर्थात रकान्यांत. पण त्या रात्री ते जेवले नाहीत. एकतीस वर्षं समोर जांभया बघितल्यावर कुणालाही कळतं, तसं त्यांनाही कळत होतं. ते वाईट वाटून घेत आणि दुसऱ्या दिवशी आणखी सुबक तक्ता करून आणत. दुसरा उपाय त्यांना माहीत नव्हता.

निवृत्तीला सात महिने उरले असताना आठवीला एक नवा विषय आला: 'जगातील धर्म आणि संस्कृती'. आठवड्यातून तीन तास, तिन्ही शेवटचे. विषय जाहीर झाला आणि शिक्षकांच्या खोलीत पळापळ झाली. इतिहासाच्या बाईंना एकाएकी रक्तदाब झाला. भाषेचे सर म्हणाले की त्यांचा आवाज बसला आहे, आणि हे त्यांनी एवढ्या मोठ्यांदा सांगितलं की खालच्या मजल्यावरचा शिपाई वर आला. कुणाचा देव, कुणाचं पुस्तक, एक शब्द इकडचा तिकडे झाला तर घर उन्हात! उगाच विस्तवाशी कोण खेळेल? शेवटी मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, रकानेसरांना बोलावलं.

"सर, हा विषय तुम्हीच घ्या," मोठ्या बाई म्हणाल्या. "मी सगळ्या बाजूंनी विचार केला आहे. भांडण व्हायला मुलं जागी असावी लागतात. तुमच्या तासाला तो धोका नाही."

ह्याला स्तुती म्हणावी की काय, ते न कळून सर "बरं" म्हणाले.

घरी येऊन त्यांनी सहा फुटी ड्रॉइंग पेपर जमिनीवर पसरला. अकरा उभे रकाने: दहा धर्म आणि अकरावा रकाना कुठलाच धर्म न मानणाऱ्यांचा. आडव्या ओळी चाळीस. पण ह्या खेपेला त्यांनी एक नियम केला, आणि तो त्यांना का सुचला हे ऐकण्यासारखं आहे. आपापल्या धर्माबद्दल लिहायला सांगितलं तर मुलं पाल्हाळ लावतात आणि मजकूर रेघेबाहेर जातो, हा त्यांचा जुना अनुभव. म्हणून त्यांनी ठरवलं की कुणालाही स्वतःच्या घरचा रकाना द्यायचा नाही. प्रत्येकाने दुसऱ्याचा घ्यायचा, ज्यांच्या घरी तो पाळला जातो त्यांच्याकडे जायचं आणि विचारून यायचं. पुस्तकातलं उतरवायचं नाही. धर्माधर्मांत सलोखा वगैरे काही त्यांच्या डोक्यात नव्हतं. त्यांना फक्त रकाना नीट बसायला हवा होता.

आणि आठवी जागी झाली.

आधी दोनतीन मुलं, मग एक अख्खी रांग. कारण विचारून आलेलं सांगायला मुलांना कोण घाई! एक मुलगा दारातूनच ओरडत आला, "सर, त्यांच्याकडे दुःखात पांढरं घालतात!" मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "माझ्या रकान्यात नवरी पांढरं घालते." तिसरा म्हणाला, "म्हणजे ह्यांची नवरी बघून त्यांना रडूच येणार." वर्ग खदखदून हसला. सर फळ्याकडे वळून हळूच हसले आणि मग कापडाचे रंग देशोदेशी कसे फिरले ते सांगत बसले. चक्क अर्धा तास, आणि कुणी मान टाकली नाही.

जपमाळेच्या ओळीला बरेच रकाने निघाले: हिंदू, बौद्ध, जैन, मुसलमान, ख्रिस्ती. मण्यांचे आकडे सगळ्यांचे सारखे नाहीत. एका मुलीने विचारलं, "सर, पण मोजतात कशाला? देव काय मोजून घेतो का?" सरांनी ह्याचा कधी विचार केला नव्हता. ते म्हणाले, "बहुतेक आपलंच मन पळतं, म्हणून बोटांना काम देत असतील." दिव्याच्या ओळीत एकही रकाना रिकामा राहिला नाही. कुणाकडे समई, कुणाकडे मेणबत्ती, कुणाकडे टांगलेला कंदील. अकराव्या रकान्यात तो घेतलेल्या मुलाने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'लावतात. वीज गेली की.' साप्ताहिक सुट्टीच्या ओळीला कुणाचा शुक्रवार, कुणाचा शनिवार, कुणाचा रविवार निघाला. तिन्ही दिवस शाळा बंद ठेवावी असा ठराव तिथल्या तिथे मांडला गेला आणि सगळ्या धर्मांनी एकमताने मंजूर केला.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी जिन्यात एक मुलगी सरांना म्हणाली, "सर, उद्या आपला तास आहे ना?" सर घरी पोचेपर्यंत ते वाक्य तोंडातल्या तोंडात घोळवत होते. बायकोला त्यांनी ते जेवायच्या आधी सांगितलं, जेवताना सांगितलं आणि भांडी विसळताना पुन्हा सांगितलं. "उद्या तास नाही ना?" असं एकतीस वर्षांत पुष्कळांनी विचारलं होतं. "आहे ना?" असं कुणी विचारलं नव्हतं. आता निवृत्तीपर्यंत हा तास मिळावा, बाकी आयुष्याकडून काही मागणं नाही, असं ते उघड म्हणाले. बाईंनी ताट पुसता पुसता त्यांच्याकडे बघितलं आणि कपाटाची किल्ली त्या आठवड्यात काढली नाही.

पण सरळ चाललं तर ते रकानेसरांचं नशीब कसलं? आनंदाच्या भरात त्यांनी तक्ता वर्गातून काढून जिन्याजवळच्या भिंतीवर लावला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. इथे घोड्याने पेंड खाल्ली.

पहिला आला सुतार. त्याची मुलगी आठवीत. तो तिला न्यायला आला होता आणि कमरेला टेप होती. सुताराच्या हाताला टेप असली की तो काय मोजेल ह्याचा नेम नाही. त्याने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, टेप ओढली आणि सरांना बोलावलं.

"सर, आमचा रकाना साडेतीन इंच आणि ह्या बाजूचा सव्वासहा? हे कसं काय?"

"त्यांच्यात लांब शब्द जास्त आले," सर म्हणाले.

"म्हणजे आमच्यात लांब शब्द नाहीत?"

सुतार कुठल्या धर्माचा होता ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर उद्या तो टेप घेऊन ह्या पानावर यायचा. सरांनी दोन दिवस खपून सगळे रकाने एकसारखे केले. लगेच शिवणवाल्या काकू आल्या. त्यांचा मुलगा त्याच वर्गात. त्यांनी तक्त्याकडे गिऱ्हाइकाच्या अंगावर बिघडलेल्या कपड्याकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाल्या, "आमचा मजकूर किती कोंबलाय हो! जरा मोकळं सोडायला नको? श्वास तरी घेता येतो का त्यात?"

मग क्रमावरून जुंपली. सर्वांत जुना धर्म आधी लावला तर नव्यांचा रुसवा, शिवाय जुना कोण ह्यावरही दोघांचा दावा. वर्णमालेप्रमाणे लावला तर एकाने विचारलं, "कुठल्या भाषेच्या?" चिठ्ठ्या टाकू म्हटलं तर दोन घरं म्हणाली की आमच्यात चिठ्ठ्या टाकणं बसत नाही. अकराव्या रकान्याच्या पालकांनी निरोप पाठवला की आम्हाला पहिलं यायचंच नाही, पण दर वेळी शेवटी आम्हीच का?

शेवटी सरांनी रात्री कधी नव्हे ते पट्टी बाजूला ठेवली आणि कंपास घेतला. गोल तक्ता! गोलाला ना पहिलं ना शेवटचं. मध्ये एक खिळा, अकरा फाकी. पण गोल झाला तरी भिंतीवर लावला की कुणीतरी वर येतंच. म्हणून शिपायाला सांगितलं, रोज सकाळी एक घर फिरवत जा. शाळेतल्या सगळ्यांनी सरांचं अभिनंदन केलं. चौथ्या दिवशी सुतार कागदावर हिशेब करून आला. "सर, ह्या फेरीत आमची वर यायची पाळी नेमकी सुट्टीच्या दिवशी पडते. बघणार कोण? शिपाई?"

सर शिपायाकडे बघू लागले. शिपाई म्हणाला, "मी त्या दिवशी नसतो."

तक्रार संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत गेली. हे अध्यक्ष म्हणजे भाषणांचा कारखाना. शाळेत पिण्याच्या पाण्याचा नवा नळ बसला तेव्हा ते नळाशेजारी उभं राहून चाळीस मिनिटं बोलले आणि शेवटी नळ उघडला तेव्हा पाणी गेलेलं होतं. त्यांनी फर्मान काढलं: शनिवारी तीन वाजता पालकांची सभा. आठवीची मुलंही हजर राहतील, कुणी काय काय विचारत फिरलं त्याची साक्ष द्यायला.

शुक्रवारी मोठ्या बाईंनी सरांना बसवून घेतलं. "सर, मनाची तयारी ठेवा. विषय बंद होणार आहे. त्या जागी हस्तकला येईल. आणि तुम्ही निवृत्तीपर्यंत डेड स्टॉक बघायचा." डेड स्टॉक म्हणजे तळघरातल्या मोडक्या खुर्च्या, पृथ्वीचे फुटके गोल आणि पाय नसलेली टेबलं. ह्या सगळ्याची नोंदवही. सरांचा चेहरा बघून मोठ्या बाईंना राहवलं नाही. त्या मायेने म्हणाल्या, "त्यातही रकाने असतात हो."

रकान्यांचं नाव ऐकून बरं वाटलं नाही असं सरांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. ते घरी येऊन चप्पल न काढता खुर्चीत बसले.

"उद्या काय बोलणार आहात?" बायकोने विचारलं.

"दोन्ही बाजूंचा एक तक्ता करून..."

"अहो, तक्त्यानेच तर घोळ झालाय! उद्या कोरा कागद न्या आणि भरा म्हणावं तुमचं तुम्ही. किती इंच हवंय ते घ्या. आणि ती पट्टी घरी ठेवा."

शनिवारी सभा आठवीच्या वर्गातच भरली. मोठी माणसं मुलांच्या बाकांत कशीबशी बसली होती. सुताराचे गुडघे हनुवटीला लागत होते. मुलं भिंतीला टेकून ओळीने उभी. अध्यक्ष बोलायला उठले ते पंचवीस मिनिटांनी खाली बसले. त्यांनी मानवजातीपासून सुरुवात केली होती, त्यामुळे शाळेपर्यंत पोचायला वेळ लागला. मग सर उठले. त्यांनी फळ्यावर कोरा कागद लावला आणि म्हणाले, "माझ्याकडून चुका झाल्या. आता ज्याने त्याने आपला रकाना स्वतः भरावा. रुंदी मनाला येईल तेवढी घ्या. मी एक अक्षर बदलणार नाही."

सुतार लगबगीने पुढे आला. कानावरची पेन्सिल काढली आणि दोन फुटांचा ऐसपैस रकाना आखला. सभेला तो जरा जास्तच वाटला. सरांनी जुनी यादी वाचायला घेतली. पहिल्या चार ओळी झटक्यात झाल्या. पाचवी आली: प्रार्थनेआधी पाणी का वापरतात?

"का म्हणजे?" सुतार म्हणाला. "वापरतात!"

"हो, पण कारण?"

"वडील वापरायचे." तो डोकं खाजवू लागला. एवढ्या दोन फुटांत आता काय लिहायचं? तेवढ्यात भिंतीकडून शिवणवाल्या काकूंच्या मुलाने हळूच सांगितलं, "काका, नुसतं अंग धुवायचं नसतं. बाहेरच्या कामातून मन इकडे आणायचं असतं. आजींनी सांगितलं."

"कुणाच्या आजींनी?"

"तुमच्या घरच्याच की. तुमच्या आईने."

वर्गात हशा पिकला. सुताराने मुकाट्याने ते लिहून घेतलं आणि शुद्धलेखनही त्या मुलालाच विचारलं. मग काकू तोऱ्यात उठल्या. त्यांचं हसू अजून ओसरलं नव्हतं. पण दुसऱ्याच ओळीला त्यांचे यजमान बाकातून ओरडले, "तसं नाही ते! आमच्या घरी तसं कधीच नव्हतं." "बावीस वर्षं तसंच करतेय मी, तुमचं लक्ष कुठे असतं?" झालं! रकाना मधोमध विभागावा लागला, अर्धा काकूंचा, अर्धा यजमानांचा. मग यजमानांना आठवलं की त्यांच्या आईचं आणखी तिसरंच होतं. हे बघून बाकीच्यांना जोर चढला. काकांचं पुतण्याशी पटेना, माहेरचं सासरशी पटेना. अकराव्या रकान्यातल्या दोघांचं तर, काय मानायचं नाही ह्यावरच वाजलं. एका धर्माला दुसऱ्याशी भांडायला सवडच उरली नाही. साडेचारला कागदावर तेवीस रकाने होते आणि एकही रेघ सरळ नव्हती. सरांना त्या वाकड्या रेघा बघवत नव्हत्या, पण त्यांनी हात पाठीमागे बांधून ठेवले होते.

अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. "पाहिलंत? हा असा विषय आहे! ह्याला आजच पूर्णविराम. मी ठराव वाचून दाखवतो." त्यांनी खिशातून घडी घातलेले कागद काढले, चष्मा चढवला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "आज आपल्यातून एक सज्जन, अबोल आणि कामात चोख माणूस निघून गेला. त्यांची जागा भरून निघणार नाही..."

सगळे सरांकडे बघू लागले. सरांना वाटलं, बंद करता करता चार शब्द बरे बोलतायत. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी हातसुद्धा जोडले.

"...त्यांनी दुरुस्त केलेली घड्याळं घरोघरी टिकटिकत राहतील," एवढं वाचून अध्यक्ष थांबले. चुकीचा कागद निघाला होता. ते कानापर्यंत लाल झाले. दुसऱ्या खिशात ठराव होता, पण तिकडे हात गेला नाही. ते तसेच पुढच्या रिकाम्या बाकावर बसले.

"आमचे शेजारी," ते म्हणाले. "घड्याळवाले. गेले ते. वीस दिवस झाले."

अध्यक्षांना हळू आवाजात बोलताना कुणी ऐकलंच नव्हतं.

"सव्वीस वर्षं रोज संध्याकाळी आम्ही पायरीवर बसायचो. मी बोलायचो, ते ऐकायचे. हे मी वहिनींपुढे म्हणायला लिहिलं. दोनदा फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. त्यांचा धर्म वेगळा. त्यांच्याकडे अशा वेळी काय असतं, मला ठाऊक नाही. डोकं झाकायचं की टोपी काढायची, फुलं न्यायची की नाही, काय म्हणायचं. भलतंच काही झालं तर? सव्वीस वर्षांत एकदा विचारायचं सुचलं नाही." त्यांनी सरांकडे बघितलं. "सर, तुमच्या तक्त्यात आहे का हो हे?"

सरांनी तक्ता आठवून बघितला. दुखवटा किती दिवस पाळतात, हे होतं. कपडे कुठले घालतात, हेही होतं. "नाही," ते म्हणाले. खोटं बोलायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मग ते भिंतीकडे वळले. "घड्याळवाले आजोबा कुणाच्या रकान्यात होते?"

सुताराची मुलगी पुढे आली. "माझ्या. मी त्यांनाच विचारायला गेले होते, आजारी होते तेव्हा. ते म्हणाले, आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या घरी जायचं ते गुपचूप जायचं. आपण आधी बोलायचं नाही. शेजारी नुसतं बसायचं. घरातलं माणूस बोललं की मग बोलायचं."

"हे तू लिहिलं का नाहीस?" सरांनी विचारलं.

"लांब होतं, सर. रकान्यात मावलं नाही."

सर खाली बघू लागले. हे वाक्य त्यांना लागलं आणि बरेच दिवस लागत राहिलं.

"काहीच बोलायचं नाही?" अध्यक्षांनी तिला विचारलं.

"नाही."

"थोडंसं? दोन शब्द?"

"नाही ना. मी आजोबांना विचारलं, का? तर म्हणाले, येणाऱ्याला जे सुचतं ते बहुतेक चुकीचंच असतं."

अध्यक्ष ओले डोळे पुसत हसले. "हे ते मला उद्देशून म्हणाले असणार." चार पानांची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली आणि उठून सरांच्या दंडाला धरलं. "सर, तुम्ही माझ्याबरोबर चला. एकटा गेलो तर मी बोलेन."

सभा तशीच राहिली. मागे सुतार आणि काकू अजून कागदाशी उभे होते आणि सुतार त्यांना सांगत होता की तुमच्या सासूबाईंचा रकाना जरा रुंद हवा.

घड्याळवाल्यांच्या बैठकीत दुरुस्तीला आलेली घड्याळं तशीच टांगलेली होती. प्रत्येकाची वेळ वेगळी. वहिनींनी दार उघडलं आणि काही न बोलता आत वाट दिली. दोघं त्यांच्या शेजारी बसले. एक मिनिट गेलं. अध्यक्षांनी तोंड उघडलं, सरांनी त्यांच्या पायावर पाय ठेवला. तीन मिनिटं झाली. अध्यक्षांनी घसा खाकरला, सरांनी पाय दाबला. अध्यक्षांचा चेहरा फुगत चालला होता. बाहेरून एक सायकल गेली. आतल्या खोलीत नळ ठिबकत होता. सहा, सात, आठ मिनिटं. कुठल्या घड्याळाप्रमाणे, ते सांगता येत नाही.

शेवटी वहिनी वळल्या. त्यांनी अध्यक्षांकडे नीट निरखून बघितलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे," अध्यक्ष म्हणाले आणि पुन्हा गप्प बसले.

वहिनींना हसू आलं. आधी थोडं, मग आवरेना. "तुम्ही आणि गप्प! हे असते तर त्यांना पटलंच नसतं," असं म्हणत हसता हसता त्या रडायला लागल्या. अध्यक्षही रडले. खिशातले कागद खिशातच राहिले. बऱ्याच वेळाने वहिनींनी पदराने डोळे टिपले. "वीस दिवस सगळी माणसं येऊन बोलून गेली. तुम्ही दोनदा फाटकापर्यंत आलात आणि परत गेलात. मी खिडकीत उभी होते. तिसऱ्यांदा येता की नाही, ह्याची वाट बघत होते."

बाहेर पडल्यावर अध्यक्ष स्वतःच्या घरात शिरले नाहीत. सरांना पोचवायला म्हणून चालत निघाले. पहिल्या वळणापर्यंत एक शब्द नाही. सर अध्यक्षांच्या दुसऱ्या खिशाकडे बघत होते, कारण ठराव अजून तिथेच होता.

"सर," वळणावर अध्यक्ष म्हणाले, "त्या सुताराच्या पोरीला सोमवारी जरा विचारा, त्यांच्याकडे पुन्हा कधी जायचं असतं."

"सोमवारी तास आहे?" सरांनी विचारलं.

"म्हणजे काय? नसला तर ती सांगणार कुठे?" अध्यक्ष म्हणाले. "आणि त्या कागदाला रेघा मारू नका. लांब असेल ते लांबच लिहू द्या."

सर "हो" म्हणाले. त्यांना आणखी पुष्कळ म्हणायचं होतं, पण अध्यक्षांनी तोवर घड्याळवाल्यांचा विषय काढला होता. सरांच्या दारापर्यंत ते बोलत राहिले आणि मग दारातही तासभर. सर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभे होते आणि मधूनमधून नुसतं विचारत होते, "मग?"